पोटाचं टाइमटेबल

हॉस्टेलवर बोलायला वर्ज्य असा विषय नाही. कुणाला किती केटी लागल्या, कुणाचं कुणाशी काय चाललंय, कुणाच्या घरून लाडवांचा डबा आलाय, सगळं रात्री दोन वाजता दार सताड उघडं टाकून बोललं जातं. पोटाच्या बाबतीतही विनोदांना तोटा नाही. सकाळी कोण किती वेळ आत बसतो यावरून आमच्या विंगमधल्या निम्म्या पोरांची नावं पडली आहेत. पण विनोद वेगळा आणि त्रास वेगळा. "माझं चार दिवस पोट साफ झालेलं नाही आणि मला दुखतंय" हे साधं वाक्य मी हॉस्टेलच्या तीन वर्षांत फक्त एकदा ऐकलं, आणि तेही बोलणाऱ्याची पार वाट लागल्यावर.

तेव्हा मंडळी, यंदाच्या अंकात पावसावरच्या कविता आणि ट्रेकची वर्णनं भरपूर असतीलच. मी आपला बद्धकोष्ठतेवर लिहितो. संपादकांनी विषय ऐकून आधी नाक मुरडलं, मग इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "उपाय पण देणार आहेस ना?" त्यावरून विषयाची गरज लक्षात यावी.

शब्द मोठा भारदस्त आहे. बद्धकोष्ठता! व्हायव्हामध्ये विचारला तर अर्ध्या वर्गाला उच्चारता येणार नाही. आजी नुसतं 'पोट साफ नाही' म्हणते, आणि आमच्या विंगमध्ये 'आज जाम आहे' एवढं पुरतं. २०१५ साली 'पिकू' नावाचा सिनेमा आला, त्यात अमिताभ बच्चनने याच त्रासाने घर डोक्यावर घेणारा म्हातारा रंगवला होता. तेव्हापासून, किंवा त्याच्याही आधीपासून, आपली अशी समजूत की हे म्हाताऱ्यांचं दुखणं. वीस वर्षांच्या पोराला कसली आलीय बद्धकोष्ठता? दगड खाल्ले तरी पचतील! पचतील हो, प्रश्न पुढचा आहे.

आता त्रास आहे हे ठरवायचं कसं? आपल्याकडे पक्की समजूत की रोज सकाळी एकदा झालीच पाहिजे, नाही तर दिवस वाया. तसं काही नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या मोठ्या रेंजमध्ये कुठेही असलात तरी चालतं, त्रास नसला म्हणजे झालं. पोटाच्या डॉक्टरांची जगभर वापरली जाणारी एक नियमावली आहे, तिला 'रोम निकष' म्हणतात. तिची चौथी आवृत्ती २०१६ साली आली. तिच्यात नुसते दिवस मोजलेले नाहीत. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं हे सहा लक्षणांपैकी फक्त एक. बाकीची पाच अशी: जोर काढावा लागणं, खडा होणं, पूर्ण न झाल्यासारखं वाटणं, अडकल्यासारखं वाटणं आणि हाताची मदत घ्यावी लागणं. यातली दोन तरी लक्षणं चार वेळांतून एकापेक्षा जास्त वेळा दिसत असतील, आणि हे महिनोन् महिने चाललं असेल, तर ती बद्धकोष्ठता. म्हणजे जो रोज जातो पण वीस मिनिटं कुंथतो, तोही आमच्याच क्लबचा मेंबर.

मोजमापासाठी एक तक्ताही आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या लुईस आणि हीटन या दोघांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यात सात प्रकार आहेत. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक गोळे, दुसरा म्हणजे तेच गोळे चिकटून झालेला ओबडधोबड ठोकळा, तिसरा-चौथा म्हणजे उत्तम माल आणि सातवा म्हणजे निव्वळ पाणी. पहिला-दुसरा प्रकार दिसला तर समजावं की माल आत फार वेळ पडून होता. फुकटचं मीटर आहे. आज काय झालं ते बघायचं, रीडिंग घ्यायचं आणि पाणी ओतायचं.

आता ज्याने ते वाक्य उच्चारलं त्याच्याविषयी. नाव छापायचं नाही या अटीवर त्याने लिहायची परवानगी दिली आहे, म्हणून त्याला आपण 'भाऊ' म्हणू. भाऊ गावाकडचा. घरी पहाटे उठून, शेतावर चक्कर मारून, भाकरी खाऊन शाळेला जाणारा. इथे आल्यावर सहा महिन्यांत त्याचं सगळं घड्याळ उलटंपालटं झालं. रात्री तीनला झोप, आठला जाग, आठ पंचवीसला पहिलं लेक्चर. संडासापाशी रांग, म्हणून 'दुपारी बघू'. दुपारी प्रॅक्टिकल, म्हणून 'संध्याकाळी बघू'. नाश्ता बुडालेला, पाण्याची बाटली रूमवर राहिलेली. सबमिशनच्या आठवड्यात तर तो चार दिवस गेलाच नाही. पाचव्या दिवशी गेला तेव्हा इतका जोर काढावा लागला की अंगाला घाम फुटला, आणि रक्त पडलं.

रक्त बघून माणूस काय करतो? मोबाइलवर शोधतो. भाऊने पांघरुणात तोंड घालून रात्रभर शोधलं आणि पहाटेपर्यंत स्वतःला कॅन्सर ठरवून मोकळा झाला. कुणाशी बोलला नाही. पुन्हा रक्त पडेल या धास्तीने जाणंच टाळायला लागला आणि जायला लागू नये म्हणून जेवणही तोडलं. ओरलच्या दिवशी त्याला खुर्चीवर बसवेना. ज्याचं जर्नल अख्ख्या बॅचमध्ये फिरत होतं, तोच ओरलला गैरहजर! संध्याकाळी त्याच्या रूमवर गेलो तर गडी पालथा झोपलेला. बराच वेळ 'काही नाही रे' करून शेवटी बोलला. सरांनी पुढे त्याची ओरल परत घेतली, भले माणूस आहेत. पण कारण विचारलं तेव्हा त्याने 'ताप होता' असंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की ही फिशर आहे, म्हणजे कडक खड्यामुळे गुदद्वाराच्या कडेला पडलेली चीर. चीर दुखते म्हणून माणूस जाणं टाळतो. टाळल्यामुळे खडा आणखी कोरडा होतो, आणि तो बाहेर पडताना चीर आणखी फाटते. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतात, त्यात पॉझिटिव्ह काहीही नसतं. डॉक्टरांनी लावायला मलम दिलं, कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायला सांगितलं, आणि उरलेल्या कागदावर एकही औषध लिहिलं नाही. नुसत्या सवयी लिहिल्या. चीर भरायला सहा आठवडे लागले. सवयी मात्र भाऊने अजून सोडलेल्या नाहीत. या लेखाचा पाया तोच कागद आहे. बाकीचं मी लायब्ररीत बसून आणि डॉक्टरांना भंडावून गोळा केलं.

आधी मशीन समजून घेऊ. मोठं आतडं हा साधारण दीड मीटर लांबीचा पाइप. त्यात दिवसाला सुमारे दीड लिटर पातळ माल येतो. त्यातलं बहुतेक पाणी आतडं परत शोषून घेतं आणि बाहेर पडताना जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर उरतं. म्हणजे हा नुसता पाइप नाही, हा ड्रायर आहे. माल जितका जास्त वेळ आत, तितका जास्त कोरडा. हा पाइप दिवसभर सारख्या वेगाने माल ढकलत नाही. दिवसातून काही वेळाच मोठे धक्के देतो, आणि ते धक्के मुख्यतः दोन प्रसंगी येतात: झोपेतून उठल्यावर आणि पोटात अन्न पडल्यावर. जठरात अन्न आलं की मोठ्या आतड्याला निरोप जातो, 'मागून गाडी येतेय, प्लॅटफॉर्म रिकामा करा.' सकाळी उठून नाश्ता केला की हे दोन्ही सिग्नल एकावर एक पडतात. दिवसभरातली सर्वात चांगली संधी तीच.

धक्का बसला की माल मलाशयात उतरतो, तिथली भिंत ताणली जाते आणि आपल्याला कळ येते. तिथे दोन झडपा आहेत. आतली झडप आपोआप सैल होते, बाहेरची आपल्या ताब्यात असते. आपण ती आवळून धरली आणि 'आत्ता नको' म्हटलं की काही मिनिटांत कळ विरून जाते. आपल्याला वाटतं, सुटलो! सुटत काहीच नाही. माल तिथेच पडून वाळत राहतो. आणि असं रोज केलं तर मलाशयाला ताणाची सवय होते, मग कळ यायलाच जास्त माल लागतो. सेन्सरचं कॅलिब्रेशन बिघडलं!

ही नुसती थिअरी नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा धडधाकट तरुणांना घेतलं आणि एक आठवडा कळ आली तरी शक्यतो दाबून धरायला सांगितलं. तेवढ्यात त्यांची जाण्याची संख्या कमी झाली आणि आतड्यातून माल पुढे सरकायला जास्त वेळ लागायला लागला. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न होता: बद्धकोष्ठता शिकता येते का? उत्तर: येते, आठवड्याभरात येते. आपण तर चार वर्षांचा कोर्स करतो. बारा पोरांचा लहानसा प्रयोग आहे हे खरं, पण सांगतो ती गोष्ट जुनीच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सातव्या अध्यायाचं नावच 'नवेगान्धारणीय', म्हणजे वेग अडवू नयेत. अडवू नयेत असे तेरा वेग तिथे मोजलेत, त्यात हा आहेच. चरकाच्या काळी आठ पंचवीसचं लेक्चर नव्हतं, तरी त्यांना हे सांगावं लागलं!

तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की हॉस्टेलवरची बद्धकोष्ठता बऱ्याचदा पोटाचा आजार नसतो, टाइमटेबलचा असतो. आपल्या टाइमटेबलमध्ये लेक्चर, प्रॅक्टिकल, क्लास, जिम, गेम सगळं बसतं, फक्त पोटाला स्लॉट नाही. तो द्यायचा कसा, ते आता ओळीने सांगतो.

पहिलं, वेळ. पहिल्या लेक्चरच्या तासभर आधी उठा. पाणी प्या, नाश्ता करा आणि नाश्त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत जाऊन बसा. झाली तर उत्तम. नाही झाली तर पाच-दहा मिनिटांनी उठून या, कुंथू नका. रोज त्याच वेळी, रविवारीसुद्धा. पोट हळूहळू ती वेळ शिकतं. जे बिघडवायला शिकता येतं, ते सुधारायलाही शिकता येतं. पण ते दोन दिवसांत होत नाही, दोन-चार आठवडे धरून चला. काहीजण म्हणतील, 'चहा मारल्याशिवाय आपलं होत नाही.' त्यातही थोडं तथ्य असावं. कॉफीवर १९९० साली इंग्लंडमध्ये पाहणी झाली होती. ९९ जणांपैकी २९ टक्क्यांनी सांगितलं की कॉफी प्यायल्यावर लागते. गंमत म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीनेही आतड्याची हालचाल वाढलेली दिसली. पण नुसता कटिंग मारून नाश्ता बुडवलात तर मोठा सिग्नल वाया गेला. आणि लेक्चर चालू असताना कळ आली तर सरळ हात वर करून जा. सर लोकांनाही विनंती, अशा वेळी 'आत्ताच कशी लागली?' विचारू नका. ती अशीच लागते.

दुसरं, बैठक. याबाबत आपल्या जुन्या विंगमधली देशी भांडी नव्या विंगच्या कमोडपेक्षा सरस आहेत. मलाशयाच्या खालच्या टोकाला एक स्नायू गोफणीसारखा वेढा घालून पाइपला बाक देतो. उकिडवं बसल्यावर तो सैल पडतो आणि बाक बराच सरळ होतो. पाइपलाइनमधला बेंड कमी केला तर काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. इस्राएलमधल्या सिकिरोव्ह नावाच्या डॉक्टरांनी २००३ साली २८ निरोगी माणसांना घड्याळ लावून मोजलं. उकिडवं बसून सरासरी ५१ सेकंद लागले, नेहमीच्या उंचीच्या कमोडवर १३०. कमोडच असेल तर पायाखाली वीतभर उंचीचं स्टूल किंवा पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, थोडं पुढे वाका आणि कोपरं मांड्यांवर टेका. कमोडवर पाय देऊन चढू नका! तो फुटला तर त्याच्या कडांनी होणारी जखम फिशरपेक्षा कितीतरी भयंकर असते. श्वास कोंडून जोर लावू नका. पोट फुगवत खोल श्वास घ्या, तोंडाने सावकाश सोडा आणि खालचा भाग ढिला ठेवा. घाईत दार उलट्या बाजूने ओढत बसावं, तसं आपण कुंथताना नेमकी तीच झडप आवळत असतो.

तिसरं, मोबाइल. तो रूमवर ठेवून जा. बोस्टनच्या एका हॉस्पिटलमध्ये १२५ जणांवर केलेला अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. जे संडासात मोबाइल नेत होते, त्यांच्यात मूळव्याधीचा धोका ४६ टक्क्यांनी जास्त निघाला. त्यांच्यातले ३७ टक्के लोक पाच मिनिटांपेक्षा जास्त बसत होते, मोबाइल न नेणाऱ्यांत फक्त ७ टक्के. आता याला रांगेचं गणित जोडा. समजा एका विंगमध्ये ४८ पोरं आणि सहा संडास. एका संडासाच्या वाट्याला आठ जण. प्रत्येकाने रील बघत पंधरा मिनिटं घेतली तर आठव्याचं आटपेपर्यंत दोन तास जातात. पाच मिनिटं घेतली तर चाळीस मिनिटांत विंग मोकळी! म्हणजे तुमच्या मोबाइलमुळे तुमची मूळव्याध आणि रांगेतल्या आठव्याची बद्धकोष्ठता, दोन्ही तयार होतात. भाऊ हा असाच आठवा होता.

चौथं, खाणं. पोटाला चोथा लागतो. ज्याला जाहिरातीत फायबर म्हणतात तोच. तो पचत नाही, पाणी धरून ठेवतो आणि मालाला आकार व मऊपणा देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या अन्नपदार्थांचे तक्ते काढले. त्याप्रमाणे १०० ग्रॅम गव्हाच्या आट्यात सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, बाजरीतही तेवढाच, ज्वारीत १०, आणि मैद्यात जेमतेम ३. पांढऱ्या तांदळातही ३च. जागतिक आरोग्य संघटना २०२३ पासून मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्या-फळं खायला सांगते. आता टपरीवर काय मिळतं बघा: वडापावातला पाव, नूडल्स, खारी, समोशाचं आवरण, क्रीमरोल. वेष पाच, मैदा एकच! मी टपरी बंद करा म्हणत नाही, तेवढा कठोर मी नाही. पण दिवसातून एकदा मेसची पोळी-उसळ पोटभर खा, ताटातली काकडी-गाजर बाजूला सारू नका आणि गेटवरच्या गाडीवरून रोज एक पेरू घ्या. तिखट-मीठ लावून, बियांसकट. मूठभर भाजके चणे किंवा शेंगदाणे रूमवर ठेवा. मात्र सगळं एका दिवसात सुरू करू नका. अचानक चोथा वाढवला तर पोट फुगतं, गॅस होतो आणि रूम पार्टनरशी संबंध बिघडतात. आठवड्या-आठवड्याने वाढवा. मेसवाल्या काकांना एकच विनंती, पीठ बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकू नका.

इसबगोलबद्दल सगळे विचारतात. ते एका झाडाच्या बियांचं साल आहे, म्हणजे चोथाच. घ्यायला हरकत नाही, पण भरपूर पाण्याबरोबर. कोरडं गिळलं तर घशातच फुगून अडकू शकतं. बाजारातल्या चूर्णांची गोष्ट वेगळी. त्यातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते आणि ती आतड्याला चाबूक मारून पळवते. ते औषध आहे, कधीमधी लागेलही, पण मनानेच रोज रात्री चमचाभर घेऊ नका. डॉक्टरांना विचारा.

पाचवं, पाणी. चार लिटर पाणी ढोसलं की पोट साफ होतं हा गैरसमज आहे. शरीराला पुरेसं मिळालं की वरचं पाणी लघवीवाटे जातं. पण कमी प्यायलात तर आतडं तुमच्या मालातूनच पाणी खेचतं, आणि चोथा वाढवून पाणी वाढवलं नाही तर फायदा होत नाही. मोजत बसू नका, लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा हवा. गडद झाला तर बाटली उचला.

सहावं, हालचाल. पीएलमध्ये आपण खुर्ची, खाट आणि मेस या त्रिकोणाबाहेर जात नाही. शरीर हललं की आतडंही हलतं. जेवल्यावर ग्राउंडला दोन चकरा, सकाळी दहा-बारा सूर्यनमस्कार, एवढं पुरे. उताणं पडून पोट चोळण्याचाही उपयोग होतो, पण दिशा महत्त्वाची. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे: उजवीकडे खालून वर, बरगड्यांखालून डावीकडे, मग डावीकडून खाली. पाइपलाइन आत तशीच टाकलेली आहे. उलटं चोळलं तर फ्लोच्या विरुद्ध!

इतकं लिहून झाल्यावर मी हा लेख वर्गातल्या एका मैत्रिणीला वाचायला दिला. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, "तुमच्याकडे रांग आहे, आमच्याकडे कुलूप आहे." मग तिने सांगितलं ते असं. एका बिल्डिंगमधलं लेडीज टॉयलेट प्रॅक्टिकलच्या वेळेत बंद असतं, दुसरीकडे आतून कडी लागत नाही, तिसरीकडे पाणी नसतं. त्यामुळे बऱ्याच मुली सकाळी हॉस्टेलवरून निघाल्या की संध्याकाळी परत येईपर्यंत जातच नाहीत. आणि जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. म्हणजे वर लिहिलेल्या सहापैकी चार गोष्टी त्यांच्या हातातच नाहीत. 'कळ आली की जा' हा सल्ला देणं सोपं आहे. जायला जागा असणाऱ्यालाच तो पाळता येतो. हे वाचून झाल्यावर माझा विनोदाचा मूड जरा उतरला, खोटं कशाला बोलू.

म्हणून रेक्टर सर, मॅडम आणि मेंटेनन्सवाल्या मंडळींना मनापासून सांगतो. गॅदरिंगच्या मांडवाच्या खर्चापुढे एक कडी, एक बल्ब, एक नळ आणि दिवसातून दोनदा सफाई हा खर्च काहीच नाही. कॉलेजच्या वेळेत टॉयलेटची कुलपं उघडी असावीत. मेसचा नाश्ता पहिल्या लेक्चरच्या निदान सव्वा तास आधी सुरू व्हावा. नव्या विंगमध्ये प्रत्येक मजल्यावर एखादं तरी देशी भांडं असावं. औषधांच्या कपाटात मलमं वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

आता हसण्यावारी न्यायचं नाही ते. रक्त पडलं तर घाबरू नका, पण लपवूही नका. बहुतेक वेळा ते फिशर किंवा मूळव्याध असते, पण ते डॉक्टरने तपासून सांगायचं असतं, मोबाइलने नाही. कारण नसताना वजन उतरणं, ताप, अशक्तपणा, रक्त कमी होणं, घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, किंवा इतकी वर्षं चांगलं असलेलं पोट अचानक बदलून आठवडेच्या आठवडे तसंच राहणं, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर, मग पेरू. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, असं झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला हॉस्पिटल गाठा. लोहाच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची औषधं आणि काही अँटासिड यांनीही खडा होतो. थायरॉइड मंदावल्यावरही होतो. आणि महिना-दीड महिना सगळं नीट पाळूनही फरक पडला नाही, तर झडपा आवळण्या-सोडण्याचा ताळमेळ चुकलेला असू शकतो. त्यावर बायोफीडबॅक नावाचं शिक्षण असतं. सेन्सर लावून पडद्यावर आपल्याच स्नायूंचा ग्राफ बघत ते ढिले सोडायला शिकायचं. इंस्ट्रुमेंटेशनवाल्यांना ऐकून बरं वाटेल.

यात रॉकेट सायन्स कुठेच नाही. तासभर लवकर उठणं, नाश्ता, पेरू, पाणी, दोन चकरा, आणि मोबाइल रूमवर. सगळ्यात अवघड भाग यातला एकही नाही. अवघड भाग म्हणजे बोलणं. दुखतंय हे रूम पार्टनरला सांगायला भाऊला नऊ दिवस लागले. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चीर बहुधा लहान असतानाच भरली असती आणि ओरलही बुडाली नसती. तेव्हा मित्रहो, तुमच्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा दोन दिवस जेवायला टाळाटाळ करत असेल, खुर्चीत एका कुशीवर बसत असेल, तर नाव ठेवायच्या आधी दार लावून, हळू आवाजात एकदा विचारा: पोट ठीक आहे ना रे?